लोळणाऱ्यांच्या मैदानावर एक हेल्मेट

मी हेल्मेट बोलतोय. मोटरसायकलचं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण कुवेतमध्ये आल्यापासून मला जो पाहतो तो पहिला प्रश्न विचारतो, "गाडी कुठली?" गाडी नाही. मी फुटबॉलचं हेल्मेट आहे. एवढं सांगितलं की दुसरा प्रश्न तयारच असतो, "फुटबॉलला हेल्मेट कशाला?" इथे माझं डोकं फिरतं. मला डोकं नाही, नुसती कवटी आहे, तरी फिरतं.

तर फुटबॉल म्हणजे काय ते समजून घ्या. दोन्ही टोकांना निमुळता असलेला लांबट चेंडू छातीशी धरायचा आणि अंगावर येणारे अकरा आडदांड गडी चुकवत पलीकडचं टोक गाठायचं, हा फुटबॉल. तो अमेरिकेत खेळतात. उरलेलं जग गोल चेंडूला लाथा मारत दीड तास इकडून तिकडे पळतं आणि शून्य-शून्य असा निकाल घेऊन घरी जातं. त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात आणि मीही सॉकरच म्हणणार. दीड तास घाम गाळून ज्या खेळात शून्य हाती येतं आणि तरी बघणारे टाळ्या वाजवतात, त्या खेळाला मी माझं नाव वापरू देणार नाही.

माझा जन्म एका अमेरिकन कारखान्यातला. कठीण प्लास्टिकची कवटी, आत मऊ गाद्या, तोंडासमोर लोखंडी जाळी, हनुवटीखाली पट्टा. आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली: दहा वर्षांनंतर वापरू नये. माणसांना अशी चिठ्ठी का चिकटवत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिली तीन वर्षं मी एका शाळेत काढली. रोज दुपारी कुठलं तरी पोरगं मला डोक्यावर चढवायचं आणि समोरच्यावर जाऊन आदळायचं. माझ्या अंगावर जे ओरखडे दिसतात ते तेव्हाचे. तिथला कोच पोट सुटलेला, घसा बसलेला माणूस होता, पण एका गोष्टीत पक्का. पोरगं पडलं आणि कळवळून लोळायला लागलं की तो जागचा हलायचा नाही. पडलेलं पोरगं निपचित राहिलं की मात्र तो ते पोट सांभाळत धावायचा, गुडघ्यावर बसायचा, माझ्या जाळीतून आत डोकावायचा आणि विचारायचा, "स्कोर किती?" उत्तर बरोबर आलं तर पोरगं पुन्हा मैदानात. एकदा एका पोराने त्याला मागच्या आठवड्याच्या मॅचचा स्कोर सांगितला. कोचने त्याला महिनाभर घरी बसवलं. पोरगं रडलं, त्याचा बाप भांडायला आला, कोच हलला नाही. तेव्हा त्या पोराच्या डोक्यावर मीच होतो. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, त्याचीच ही गोष्ट आहे.

त्या शाळेतला एक मुलगा पुढे सैन्यात गेला, सार्जंट झाला आणि आठवण म्हणून मला बॅगेत घालून कुवेतला घेऊन आला. इथे दक्षिणेकडे वाळवंटात अमेरिकन लोकांचा मोठा कॅम्प आहे. त्या कॅम्पच्या धुलाईखान्यात सार्जंट रोज गणवेश टाकायला जायचा आणि काउंटरमागे उभा असायचा यूनुस.

यूनुस श्रीवर्धनकडचा, खाडीकाठच्या एका गावचा. वय चोपन्न, अंगाने सडसडीत, कपाळावर नमाजाचा डाग, नाकावर घसरलेला चष्मा. एकोणीस वर्षं त्याने परक्यांचे गणवेश धुतले आणि मोजून परत दिले. त्याच्या गावात क्रिकेटशिवाय दुसरा खेळ कुणाला माहीत नाही. पण सार्जंटने त्याला काउंटरवर फुटबॉल शिकवला. गणवेशांची तुटलेली बटणं एका डब्यात साठवलेली असायची. त्यातली अकरा हिरवी एका बाजूला, अकरा तपकिरी दुसऱ्या बाजूला, आणि साबणाचा तुकडा म्हणजे चेंडू. महिन्याभरात यूनुस सार्जंटच्या चाली ओळखायला लागला, दोन महिन्यांत त्याला चुका दाखवायला लागला. एवढी एक गोष्ट मी त्याच्या बाजूने सांगेन. त्याला खेळ कळत होता.

टीम मात्र त्याने सार्जंटचीच उचलली. तिचं नाव मी सांगत नाही, मला लाज वाटते. आजवर एकदाही अंतिम सामना न जिंकलेली, हातातोंडाशी आलेला सामना शेवटच्या मिनिटाला घालवण्यात तरबेज अशी ती टीम. दर सप्टेंबरला यूनुस म्हणायचा, "या वर्षी आपण काढतो बघ." ऑक्टोबरमध्ये म्हणायचा, "आपली सुरुवात नेहमी हळूच असते." नोव्हेंबरमध्ये कुणाचा तरी गुडघा मोडायचा. डिसेंबरमध्ये तो कागदावर गणितं करायचा, की अमुक हरले, तमुक बरोबरीत सुटले आणि आपण उरलेले सगळे जिंकलो तर अजून जमतं. जानेवारीत तो चार दिवस कुणाशी धड बोलायचा नाही. मग पुन्हा सप्टेंबर. शहाणी माणसं एका ठिकाणी दोनदा फसली की रस्ता बदलतात. हा वर्षानुवर्षं फसला आणि तरी 'आपण, आपण' करत राहिला. त्या शहरात त्याने पाय ठेवला नव्हता, तिथलं एक कुत्रंही त्याला ओळखत नव्हतं.

सार्जंटची बदली झाली तेव्हा जाताना त्याने मला यूनुसच्या हातात दिलं. कॅम्पमधून सुई बाहेर न्यायची तरी गेटवर कागद लागतो, म्हणून सार्जंटने रीतसर चिठ्ठी लिहून दिली. गेटवरच्या पहाऱ्याने चिठ्ठी वाचली, मला उलटंपालटं केलं आणि यूनुसला विचारलं, "गाडी कुठली?"

अशा रीतीने मी सालमियातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो आणि टीव्हीच्या शेजारी बसलो. यूनुसची बायको अमिरुन्निसा हिने पहिल्याच दिवशी माझ्यात लसूण ठेवून पाहिला. जाळीमुळे हवा खेळती राहते, असं तिचं म्हणणं. यूनुस कॅम्पवरून आला आणि त्याने लसूण काढून मला ओल्या फडक्याने पुसलं. दोघं त्या दिवशी बोलली नाहीत. मला वास महिनाभर येत होता.

या घरात एक मुलगी होती, आफिया, वय सोळा. कुवेतमध्येच जन्मलेली. मराठीत विचारलं तर अर्धं इंग्रजीत सांगणारी. आणि ही मुलगी, यूनुसच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, सॉकर खेळायची. गोलकीपर होती.

ही लागण बाळासाहेबांमुळे झाली. बाळासाहेब त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन, गाव कोल्हापूर, जन्म पेठेतला. कोल्हापूरचा माणूस घरदार सोडेल, सॉकर सोडणार नाही. बाळासाहेबांनी कुवेतमध्ये येऊन आपली मुलगी नेहा आणि आणखी पंधरा-सोळा भारतीय मुली गोळा केल्या होत्या आणि दर शुक्रवारी सकाळी रुमैथियात एक मैदान तासावर घेऊन ते त्यांना शिकवायचे. मैदान म्हणजे प्लास्टिकचं गवत. खरं गवत इथे श्रीमंतांच्या अंगणात असतं.

यूनुस आणि बाळासाहेब यांचा वाद दर शुक्रवारी गाडीत सुरू व्हायचा, कारण मुलींना सोडायला दोघं एकाच गाडीने जायचे.

"बाळासाहेब, अल्लाने मानसाला दोन हात दिले ते कशासाठी?" यूनुस म्हणायचा. "हात हायत आनि वापरायचे नाय. हा काय खेल झाला?"

"आवो यूनुसभाई, तुमच्या खेळात चार पावलं पळत्यात आणि पाच मिनिटं बैठक घेत्यात," बाळासाहेब म्हणायचे. "ग्रामपंचायत हाय का खेळ हाय?"

"आमच्यात डोकं लागतं."

"म्हणून तर हेल्मेट घालावं लागतंय. न्हाई तर सांडंल."

मागच्या सीटवर मुली हसायच्या. मी पुढे यूनुसच्या मांडीवर असायचो, कारण आपली टीम शर्यतीत आहे तोवर मला गाडीतून फिरवलं तर नशीब साथ देतं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. शिकलेसवरलेले लोकही टीमच्या बाबतीत असेच वागतात. मी त्यावर काही बोलत नाही.

एकदा घरी यूनुसने तेच हातांचं पालुपद अमिरुन्निसाला ऐकवलं. ती पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "पोरगी तुमची गोलकीपर हाय. ती हातच वापरते. तुमी कधी बघितलंत तर कळेल ना."

ते खरं होतं. यूनुस मैदानावर यायचा, पण खेळाकडे पाठ करून बसायचा. प्लास्टिकच्या खुर्चीवर मी मांडीवर, हातात मोबाइल, मोबाइलवर आदल्या आठवड्याची अमेरिकेतली मॅच. आफियाच्या टीमला तो "तुमची ती टीम" म्हणायचा. मान वळायची ती फक्त एकाच वेळी, कुणी पडलं की.

कारण सॉकरमधली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते पडणं. वाऱ्याची झुळूक लागली की पडतात. पडतात ते पडतात, वर लोळतात. पोटरी धरून इकडून तिकडे, तोंड वेडंवाकडं, जणू पाय करवतीने कापलाय. मग पंचाने शिट्टी वाजवली की उठतात आणि हरणासारखे पळत सुटतात. मी ज्या मैदानावर वाढलो तिथे पोरं मोडलेल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळून खेळायची. त्यामुळे या बाबतीत माझं आणि यूनुसचं एकमत होतं. कुणी मुलगी लोळायला लागली की तो खुर्चीवरून सावकाश टाळ्या वाजवायचा आणि म्हणायचा, "वा. हिला बक्षीस द्या." घरी गेल्यावर आफियाला बजावायचा, "बाय, तू हे नाटक शिकायचं नाय. आपल्यात लागलं तरी उभं राहतात."

"आय नो, अब्बा," ती म्हणायची. आणि ती खरंच कधी लोळली नाही. कोपर सोलपटलं, करंगळी सुजली, एकदा ओठ फाटला. ती उठून उभी राहायची आणि चोरून खुर्चीकडे बघायची. यूनुस तोवर मोबाइलमध्ये गेलेला असायचा.

गेल्या जानेवारीत दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे आमची टीम, होय, तीच, अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे पोचली. त्या रविवारी जिंकली की अंतिम सामना. यूनुसचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. धुलाईखान्यात त्याने कर्नलचे मोजे शिपायाला दिले. दुसरी गोष्ट, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी बाळासाहेबांच्या मुलींची एका शाळेच्या टीमशी मॅच होती. छोट्याशा स्पर्धेचा शेवटचा सामना. मला ती गोष्ट सांगण्यासारखीही वाटली नव्हती.

सकाळचे आठ वाजले होते. कुवेतचा जानेवारी म्हणजे हाडं गारठवणारा वारा. अमिरुन्निसा शाल गुंडाळून मुलींच्या आयांमध्ये बसली होती. यूनुस नेहमीसारखा पाठमोरा, मी मांडीवर. मध्यंतराआधी समोरच्या टीमची एक मुलगी पडली आणि तीन गिरक्या घेत लोळली. यूनुसने वळून पाहिलं, माझ्यावर दोन बोटांनी टकटक केलं आणि मोठ्याने म्हणाला, "सिनेमात घाला हिला." मुलगी उठून पळाली. आम्ही दोघं हसलो. मीही हसलो, ते लपवत नाही.

मग दहाएक मिनिटांनी गोलपाशी गर्दी झाली. आफियाने चेंडूवर झेप घेतली आणि धावत येणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानाच्या वर, कानशिलावर बसला. आवाज मला ओळखीचा होता. तीन वर्षं मी तो आवाज स्वतःच्या अंगावर झेलला आहे.

आफिया पडली. लोळली नाही. चेंडू पोटाशी धरून निपचित पडून राहिली.

मला कोच आठवायला हवा होता. त्या अख्ख्या मैदानावर एकटा मी असा होतो, ज्याला लोळणं आणि निपचित पडणं यातला फरक माहीत होता. डोकं वाचवणं यापलीकडे मला जन्मात दुसरं काम दिलेलं नव्हतं. आणि मी मनात म्हटलं, उठेल, नाटक आहे. सॉकर आहे ना.

यूनुस खुर्चीतून न उठता ओरडला, "उठ बाय. नाटक नको. आपल्यात असं पडून राहत नाय."

ती उठली.

आधी गुडघ्यावर, मग खांब धरून. बाळासाहेब पलीकडच्या रेषेवरून ओरडले, "आफिया, बरी हायस का?" तिने अंगठा वर केला. पंचाने विचारलं तर म्हणाली, "आय ॲम फाइन." खुर्चीकडे एकदा पाहिलं. या वेळी यूनुस तिच्याकडेच बघत होता आणि मान हलवत होता, की शाब्बास. खेळ सुरू झाला.

पुढची दहा मिनिटं ती गोलात उभी होती. डावा हातमोजा काढला, घातला, पुन्हा काढला. मग कुणाच्या तरी पायाला लागून एक चेंडू अगदी हळू, लोळत लोळत आला. रांगणाऱ्या पोरानेही अडवला असता असा. तो आफियाच्या पायाजवळून गेला आणि जाळीत जाऊन थांबला. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

यूनुस हसला. "बघा, बघा तुमचा खेल," तो बाळासाहेबांच्या दिशेने म्हणाला. पण बाळासाहेब तोवर धावत सुटले होते. वजनदार माणूस, गुडघ्याने अधू, मैदान तिरकं कापत धावत होता. त्यांनी आफियाचे खांदे धरले. तिने त्यांना विचारलं, "काका, स्कोर किती?" त्यांनी सांगितला. तिने पुन्हा विचारलं, "काका, स्कोर किती?" तिसऱ्यांदा विचारताना ती वाकली आणि तिने त्या प्लास्टिकच्या गवतावर ओकारी केली.

यूनुस उभा राहिला. मघाचं हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच होतं. ते काढायला त्याला सुचलंच नाही.

आपल्या दवाखान्यात बाळासाहेबांनी गाडी अशी नेली की दोन सिग्नलवर त्यांना थांबायचं भान राहिलं नाही. मागे अमिरुन्निसाच्या मांडीवर आफियाचं डोकं. यूनुस पुढे. घाबरलेल्या माणसाच्या हातात जे असतं ते हातातच राहतं, तसा मी पट्ट्याने लोंबकळत त्याच्यासोबत थेट इमर्जन्सीच्या खिडकीपर्यंत गेलो. खिडकीतल्या माणसाने मुलीच्या डोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अपघाताचा कागद पुढे ओढला. "हादिस? सैयारा?" म्हणजे अपघात? गाडी? त्याला वाटलं, मोटरसायकलचा अपघात. म्हणजे आधी पोलिसांचा कागद आणा.

"नाही, नाही," यूनुस म्हणाला. त्याची अरबी एकोणीस वर्षांत एवढी कधी अडखळली नव्हती. "फुटबॉल. फुटबॉल खेळताना लागलं. ती गोलकीपर आहे."

मी ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या खेळाला ते नाव दिलं होतं. माझ्या मनात राग यायला हवा होता. आला नाही.

डोक्याचं स्कॅनिंग झालं. बाळासाहेब एक्स-रे खोलीतले असले तरी त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आपल्याच्याने बघवणार नाही, म्हणाले. जुम्म्याची अजान झाली, लोक नमाजाला गेले आणि परत आले, यूनुस भिंतीला टेकून उभा. मग डॉक्टर रेखा बाहेर आल्या. मूळच्या नांदेडच्या, मराठी ऐकलं की मराठीत बोलणाऱ्या.

"आत रक्तस्राव नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूला जबर हादरा बसलाय. दोन दिवस इथं ठेवावं लागंल. पण मला एक सांगा. मार बसल्यावर किती वेळ खेळली?"

"दहा मिनिटं," बाळासाहेब म्हणाले.

"दहा मिनिटं? कोणी खेळू दिलं?"

बाळासाहेब उठले. "डॉक्टर, कोच मी हाय. माझं लक्ष..."

"त्यांचं नाय," यूनुस म्हणाला. "मी म्हटलं उठ. ती पडून होती. मी म्हटलं नाटक नको."

डॉक्टर त्याच्याकडे वळल्या. "त्या दहा मिनिटांत दुसरा धक्का बसला असता तर पोरगी हाती लागली नसती," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर यूनुसला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी आफिया शुद्धीत नीट बोलायला लागली. खोलीतला दिवा मंद केला होता. अमिरुन्निसा तिच्या पायाशी. यूनुस स्टूल ओढून बसला, मला त्याने खाली फरशीवर ठेवलं.

"बाय, एवढं दुखत होतं तर उठलीस कशाला?"

तिचे डोळे मिटलेलेच होते. "तुम्ही म्हणालात ना."

बस, एवढंच. त्यात तक्रार नव्हती. मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तसं सांगितलं. यूनुसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. अमिरुन्निसाने पांघरूण आफियाच्या पायांवर ओढलं.

घरी आणल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे टीव्ही बंद, मोबाइल बंद, पडदे ओढलेले, आवाज नाही. सहा आठवडे. त्या रविवारी आमची टीम जिंकली की हरली, मला आजतागायत माहीत नाही. यूनुसला कॅम्पमध्ये कळलं असेलच, तिथे भिंतीला कान लावला तरी कळतं. घरी येऊन तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मी जाळीआडून त्याचा चेहरा खूप वाचला. काही सापडलं नाही. सप्टेंबर येऊन गेला, तेव्हाही तो काही बोलला नाही.

मला त्याने टीव्हीशेजारून उचललं आणि मला वाटलं, आता कचराकुंडी. माझी दहा वर्षांची मुदतही केव्हाच उलटली होती. पण त्याने माझ्या गाद्या उपटून काढल्या, मला उलटं धरलं आणि आत प्लास्टिक बसवलं. पुढच्या शुक्रवारी माझ्यात बर्फाच्या पिशव्या होत्या.

होय, मी आता सॉकरच्या मैदानावरचं बर्फाचं भांडं आहे. याहून मोठा अपमान कुणी शोधून दाखवावा. यूनुस आता खुर्चीवर बसत नाही, रेषेवर उभा असतो. कुणीही पडलं, आपली असो वा समोरची, की तो मला पट्ट्याला धरून धावत सुटतो. मी त्याच्या मांडीवर आपटत जातो, आतला बर्फ खळखळतो. चोपन्न वर्षांचा माणूस, धापा टाकत गुडघ्यावर बसतो आणि विचारतो, "बाय, नाव काय तुझं? उठू नको, आधी नाव सांग. स्कोर किती?"

दहातल्या नऊ जणी नाटकी असतात. हे मी आजही छातीठोक सांगतो. तो पोचेपर्यंत त्या उठून पळालेल्या असतात आणि हा बर्फ घेऊन तिथे एकटाच उभा राहतो. मुलींचे बाप हसतात. बाळासाहेबसुद्धा एकदा म्हणाले, "यूनुसभाई, प्रत्येक येळी कशाला पळताय? ती उगंच पडलीया."

"पडू दे," यूनुस म्हणाला. "मी उगंच पळतो."

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पडलेल्या मुलीला स्कोर विचारायचा तर तो आधी स्वतःला माहीत असावा लागतो. म्हणून हा माणूस, ज्याने या खेळाकडे जन्मभर पाठ केली, आता पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत डोळ्यात तेल घालून सॉकर बघतो. मोबाइल गाडीत ठेवून येतो. मलाही बघावं लागतं. अजून मला तो खेळ आवडत नाही.

गेल्या शुक्रवारी आफिया पुन्हा गोलात उभी राहिली. डॉक्टर रेखांनी परवानगी दिली, अमिरुन्निसाने तीन दिवस तोंड फिरवून ठेवलं आणि चौथ्या दिवशी स्वतः हातमोजे धुऊन दिले. डोक्याला आता मऊ रबराची पट्टी असते. माझ्यासमोर तिला हेल्मेट म्हणायचं धाडस कुणी करू नये.

मध्यंतरानंतर चेंडूवर झेप घेताना ती खांद्यावर आपटली आणि पडून राहिली. लोळली नाही. यूनुस मला घेऊन असा धावला की वाटेत निम्मा बर्फ सांडला. गुडघ्यावर बसला. तिच्या चेहऱ्यावर वाकला आणि विचारायचंच विसरला.

आफियाने एक डोळा उघडला. "अब्बा, आय ॲम ओके. फक्त श्वास घेतेय." मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "विचारा ना. की तुम्हालाच माहीत नाही? स्कोर किती?"

यूनुसने घसरलेला चष्मा वर केला. "दोन-एक," तो म्हणाला. "आपण पुढं आहोत."

तर अशी माझी हकीगत. माझ्यातून आता पाणी गळतं, जाळीला गंज आलाय, कुठल्या तरी शुक्रवारी हा मला मैदानावरच विसरून जाईल. चालेल. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: कुणी पडलं तर आधी जाऊन बघा, हसायला नंतर पुष्कळ वेळ असतो. आणि मी कुणाला सापडलो मैदानावर, तर कृपा करून गाडी कुठली असं विचारू नका.